तीन तास बत्तीस मिनिटे

पत्र

मी २४ वर्षांची असून मूळची कोल्हापूरची आहे. गेली तीन वर्षे नोकरीनिमित्त डोंबिवलीत राहते आणि लोअर परळच्या एका कंपनीत हिशेब विभागात काम करते. पगार ३४ हजार आहे. यंदा मी राज्य पातळीवरच्या महिला लीगमध्ये मुंबईच्या एका क्लबकडून खेळले. माझी जागा लेफ्ट बॅकची, म्हणजे डावीकडच्या बचावपटूची. दहा संघ होते, प्रत्येकाला नऊ सामने मिळाले आणि आमचा क्लब दुसरा आला. मी मात्र बहुतेक वेळ बेंचवर होते. हंगाम संपल्यावर क्लबचे सचिव म्हणाले, की पुढच्या वर्षी आपल्याला ‘आयडब्ल्यूएल टू’ म्हणजे इंडियन विमेन्स लीगची दुसरी श्रेणी खेळायची आहे, तुला महिन्याला आठ हजार देऊ, पण सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिसला यावे लागेल, म्हणजे नोकरी सोडावी लागेल. सातव्या क्रमांकावर राहिलेल्या दुसऱ्या एका क्लबच्या कोच म्हणतात, आमच्याकडे ये, प्रत्येक सामन्यात खेळशील, पण प्रवासखर्चाशिवाय काही देता येणार नाही. बाबा म्हणतात, दोन्ही सोड. लहानपणी मला खांद्यावर बसवून शाहू स्टेडियमवर त्यांनीच नेले होते. आता तेच विचारतात, ‘पोरींचा फुटबॉल बघतंय कोण?’ स्थळेही येऊ लागली आहेत. मला खेळायचे आहे, पण मी स्वतःची फसवणूक तर करून घेत नाही ना? यंदाचे सामने, सराव, प्रवास आणि मिळालेले पैसे यांची नोंद असलेले वहीचे पान सोबत जोडले आहे. बाकी ठीक. सहाव्या सामन्यात गुडघा मुरगळला होता, तो अजून कधी कधी सुजतो, पण चालते.

– लेफ्ट बॅक, डोंबिवली

उत्तर

प्रिय लेफ्ट बॅक,

तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण ‘पण चालते’ हे शब्द वाचून मी पत्र खाली ठेवले आणि वहीचे पान आधी पाहिले. त्या पानावर तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे, की सहाव्या सामन्यात ३१ मिनिटे खेळताना वळतेवेळी पाय टर्फमध्ये, म्हणजे कृत्रिम गवतात, अडकला, कोणाचाही धक्का लागलेला नसताना गुडघा आत वळला, लोकलमधून घरी पोहोचेपर्यंत तो सुजला, सातव्या सामन्यात तुम्ही बसून राहिलात आणि आठव्या सामन्यात क्रेप बँडेज बांधून शेवटची सात मिनिटे खेळलात. ही नोंद कोणत्याही जाणत्या फिजिओला दाखवली असती, तर तिने त्या सात मिनिटांसाठी तुम्हाला मैदानाच्या रेषेपर्यंतही जाऊ दिले नसते. धक्का न लागता गुडघा वळणे आणि काही तासांतच सूज येणे ही आतल्या लिगामेंटला इजा झाल्याची लक्षणे असू शकतात. खेळाडू ज्याला नुसते ‘एसीएल’ म्हणतात, त्या लिगामेंटची इजा फुटबॉल खेळणाऱ्या स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने अधिक आढळते. तुम्हाला तेच झाले आहे असे मी म्हणत नाही. पत्र वाचून गुडघा तपासता येत नाही, तो अस्थिरोगतज्ज्ञाने हाताने तपासावा लागतो आणि त्यांना गरज वाटली तर एमआरआय काढावा लागतो. परळचे केईएम रुग्णालय तुमच्या कार्यालयापासून लांब नाही. क्लबबद्दलचा कोणताही निर्णय घेण्याआधी तिथे किंवा खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या दुसऱ्या कोणा तज्ज्ञाकडे जाऊन या, आणि ते हो म्हणेपर्यंत सरावाचा एकही चेंडू मारू नका.

मी विद्यापीठाच्या संघातून हँडबॉल खेळत असे तेव्हा माझ्या खोलीतील मैत्रिणीचा गुडघा असाच वळला होता. गावातल्या डॉक्टरांनी तिला आठ दिवस आराम सांगितला, तिने पाच दिवस केला आणि पुढच्या स्पर्धेत तिचा गुडघा पुन्हा वळला तो कायमचाच. त्या काळात आम्हाला कोणी सांगणारे नव्हते, ही सबब आम्हाला होती. तुम्हाला ती नाही. लिगामेंट तुटून शस्त्रक्रिया करावी लागली, तर नऊ महिन्यांच्या आत मैदानावर परतणाऱ्यांना पुन्हा इजा होण्याचा धोका बराच वाढतो, हे आज सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे तशी वेळ आलीच, तर पुढचा हंगाम कोणत्या क्लबकडून खेळायचा हा प्रश्न तूर्त मिटेल आणि नोकरी सोडण्याचा प्रश्न तर मुळीच उरणार नाही. गुडघा सुदैवाने शाबूत निघाला, तर फिफाने २००६ मध्ये आणलेला ‘फिफा ११ प्लस’ हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आठवड्यातून किमान दोनदा करण्याची सवय लावून घ्या. नॉर्वेतील मुलींच्या फुटबॉल संघांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात या व्यायामांमुळे दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले होते. त्याला कसलेही यंत्र लागत नाही; मैदानाचा एक तुकडा आणि बरोबर एक सहकारी पुरते.

आता हंगामाविषयी. तुम्ही विचारता, की मी स्वतःची फसवणूक तर करून घेत नाही ना. या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात देता येत नाही, पण हिशेब विभागात काम करणाऱ्या मुलीला ते आकड्यांत नक्की देता येईल, आणि तुमच्या वहीत ते अर्धे आहेच. फक्त तुम्ही बेरीज केलेली नाही. नऊ सामन्यांची मिळून ८१० मिनिटे होतात. त्यांपैकी तुम्ही दोन सामने सुरुवातीपासून खेळलात, ७१ आणि ६० मिनिटे; चार सामन्यांत बदली म्हणून उतरलात, ३१, २५, १८ आणि ७ मिनिटे; तीन सामन्यांत उतरलाच नाहीत. ही बेरीज २१२ मिनिटे होते, म्हणजे तीन तास बत्तीस मिनिटे. दुसऱ्या बाजूला पाहा. चौदा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस याप्रमाणे ४२ वेळा तुम्ही प्रॅक्टिसला गेलात. दीड तासाच्या हिशेबाने तो ६३ तासांचा सराव झाला. डोंबिवलीहून मैदानापर्यंत आणि परत असा दर वेळी अडीच तासांचा प्रवास तुम्ही लिहिला आहे, म्हणजे १०५ तास तुम्ही लोकलमध्ये आणि फलाटावर घालवलेत. थोडक्यात, यंदाच्या हंगामात तुम्ही फुटबॉल खेळलात त्याच्या तीसपट वेळ मध्य रेल्वेने प्रवास केलात.

सरावाचे तास वाया गेले असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या संघातील मुलींबरोबर सराव केल्याने चेंडूवरचा पहिला स्पर्श सुधारतो, हे तुम्हालाही जाणवले असेल. परंतु बचावपटूचे शिक्षण सामन्यातच होते. समोरची विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारी खेळाडू, आत येणार की बाहेरून धावणार, हे ओळखून अर्धे पाऊल आधी टाकण्याची जी जाण लेफ्ट बॅकला लागते, ती सरावात ओळखीच्या सहकाऱ्यांविरुद्ध येत नाही. ती अनोळखी मुलीकडून तीनदा फसल्यावर चौथ्यांदा येते. त्यात आपल्याकडच्या राज्य लीगचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. वरच्या दोन-तीन संघांत वर्षभर एकत्र सराव केलेल्या, राज्याकडून खेळलेल्या मुली असतात आणि तळाच्या संघांना कधी कधी अकरा जणी जमवतानाच नाकी नऊ येतात, त्यामुळे एकतर्फी निकाल लागणे ही काही नवलाची गोष्ट नाही. तुम्ही ज्या दोन सामन्यांत सुरुवातीपासून खेळलात, ते तळाच्या दोन संघांविरुद्धचे होते आणि तुमचा क्लब ते नऊ-शून्य आणि सात-शून्य असे जिंकला. अशा सामन्यांत लेफ्ट बॅकला बचाव करावाच लागत नाही. ते वजा केले, तर तुमच्या खऱ्या परीक्षेची मिनिटे ८१ उरतात. एका सामन्याइतकीही नाहीत. म्हणून ‘मी या पातळीवर चांगली आहे का’ या प्रश्नाला यंदाच्या हंगामाने हो म्हटलेले नाही आणि नाहीही म्हटलेले नाही. तो प्रश्न विचारलाच गेला नाही, आणि अशा अवस्थेत खेळ सोडलात तर ती शंका तुम्हाला चाळिशीतही टोचत राहील, असे मला वाटते.

सचिवांच्या प्रस्तावाकडे आता याच चष्म्यातून पाहू. ते तुम्हाला महिन्याला आठ हजार रुपये देऊ म्हणतात, पण तुम्हाला किती खेळवतील याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलेले नाही, आणि संघात तुमच्या जागी खेळणारी मुलगी सोडून चालली आहे असेही तुम्ही लिहिलेले नाही. म्हणजे नोकरी सोडून तुम्ही विकत काय घेणार, तर बेंचवरची तीच जागा, फक्त दिवसातून दोनदा. आठ हजार बारा महिने मिळणार की लीग चालू असेतोवर, हे विचारलेत का? बारा महिने धरले तरी ते ९६ हजार होतात आणि तुमचा आजचा वार्षिक पगार ४ लाख ८ हजार आहे. तुलनेसाठी आणखी एक आकडा लक्षात ठेवा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०२३ मध्ये असे ठरवले, की इंडियन विमेन्स लीगमधील क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंशी व्यावसायिक करार करावेत आणि त्यांना वर्षाला निदान ३ लाख २० हजार रुपये द्यावेत. हे देशाच्या सर्वोच्च महिला लीगमधील किमान मानधन आहे, आणि तेही तुमच्या पगारापेक्षा कमी आहे. निर्णय पैशावरच घ्यावा असे मी सुचवत नाही. नोकरी सोडून फुटबॉल खेळणाऱ्या मुली या देशात आहेत आणि त्यांच्या धाडसाला मी मानते. मात्र धाडस करणाऱ्याने आपण काय सोडतो आणि काय मिळवतो ते एका कागदावर समोरासमोर लिहिलेले असले पाहिजे.

‘आयडब्ल्यूएल टू’चे गाजर तर त्याहून हवेतले आहे. ही दुसऱ्या श्रेणीची लीग २०२३-२४ पासून सुरू झाली असून तिच्यात प्रवेश मिळणे हे राज्य लीगमधील क्रमांकावर, राज्य संघटनेने नाव पुढे पाठवण्यावर आणि क्लबची कागदोपत्री व आर्थिक तयारी असण्यावर अवलंबून असते. तुमचा क्लब दुसरा आला आहे. त्यांना संधी मिळेलही, परंतु सचिवांची इच्छा ही प्रवेशपत्रिका नव्हे. मिळाली तरी हंगाम किती लांबीचा असेल, हेही पाहावे लागते. वरच्या इंडियन विमेन्स लीगचेच उदाहरण घ्या: २०१८-१९ मध्ये ती लुधियानात एकाच ठिकाणी मे महिन्यात भरवली गेली, बारा संघ होते आणि तीन आठवड्यांच्या आत सगळे आटोपले. तुमच्या कोल्हापूर सिटीचा संघ त्या वर्षी तिथे खेळला होता, हे तुमच्या वडिलांना कदाचित आठवत असेल. घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर खेळण्याची पद्धत २०२३-२४ मध्ये आली. सात क्लब असल्यामुळे प्रत्येकाला १२ सामने मिळाले आणि पुढच्या वर्षी आठ क्लब झाल्यावर १४. देशात सर्वोच्च पातळीवर खेळणाऱ्या मुलीचा लीग हंगामसुद्धा अजून एवढाच आहे. वर्षाच्या उरलेल्या आठ-नऊ महिन्यांत तुमचा क्लब तुमच्यासाठी काय करणार, मैदान कोणते, फिजिओ आहे का, सरावाचे सामने किती, हे प्रश्न ‘आयडब्ल्यूएल टू’ या शब्दाने झाकले जाऊ देऊ नका.

आणखी एक गोष्ट सांगते, जी क्लब सहसा सांगत नाहीत. आपण सारे सैलपणे ‘सेमी-प्रोफेशनल’ म्हणतो, पण फिफाच्या खेळाडू-नोंदणीच्या नियमांत अशी वर्गवारीच नाही. तिथे दोनच प्रकार आहेत: जिचा क्लबशी लेखी करार आहे आणि जिला खेळासाठी होणाऱ्या खर्चाहून अधिक मोबदला मिळतो ती व्यावसायिक, आणि बाकीच्या सगळ्या हौशी. यंदा तुम्हाला हंगामाचे सहा हजार कबूल करून हातात तीनच पडले, आणि तुमचे बूट व रेल्वेचा पास यांचा खर्च त्याच्या कितीतरी पुढे गेला. तेव्हा मैदानावर तुम्ही कितीही घाम गाळला असला, तरी नियमांच्या भाषेत तुम्ही हौशी आहात. यात एक सोयही आहे, कारण बांधून घालणारा करार नसल्याने तुम्हाला दुसरीकडे जाणे तुलनेने सोपे आहे. महासंघाच्या सीआरएस या ऑनलाइन नोंदणीत तुमचे नाव कोणत्या तारखेपर्यंत या क्लबकडे आहे, एवढे विचारून घ्या आणि एनओसी लागणार असेल तर ती संबंध गोड असतानाच मागा. उद्या सचिवांनी खरोखर लेखी करार पुढे केला, तर सही करण्याआधी तीन कागद शेजारी ठेवून वाचा. पहिला तो करार. त्यात रक्कम, ती देण्याची तारीख, कालावधी आणि दुखापतीचा खर्च कोणाचा, हे लिहिलेले असले पाहिजे. दुसरा तुमच्या कंपनीचे नेमणूकपत्र, कारण अनेक कंपन्या दुसरीकडून नियमित मोबदला घ्यायला परवानगी मागायला लावतात. तिसरा कंपनीच्या आरोग्यविम्याची अपवादांची यादी. व्यावसायिक खेळात झालेली इजा तिच्यात वगळलेली असेल, तर महिन्याच्या आठ हजारांसाठी तुम्ही गुडघ्यावरचे छत्र गमावून बसाल. ज्या क्लबने तीन हजार बुडवले, त्याच्या तोंडी आठ हजारांवर मी तरी पगाराची नोकरी सोडणार नाही. बाकी, व्यावसायिक करार झाला आणि क्लबने दोन महिन्यांचे मानधन थकवले, तर लेखी सूचना देऊन पंधरा दिवस वाट पाहिल्यावर खेळाडूला करार मोडता येतो, असे फिफाचा नियम सांगतो. ठाऊक असावे म्हणून लिहिते, त्याची वेळ येऊ नये.

यावरून माझा कल तुमच्या लक्षात आला असेल. डॉक्टरांनी मोकळीक दिली, तर मी नोकरी ठेवून सातव्या क्रमांकाच्या क्लबकडे जाईन, आणि एकाच हंगामासाठी. तिथे सगळे गोड असणार नाही. वरच्या संघांविरुद्ध तुम्ही पाच-सहा गोल खाल, सहकाऱ्यांकडून चेंडू वेळेवर येणार नाही, कधी बदली खेळाडूच नसल्यामुळे दमलेल्या पायांनी नव्वद मिनिटे काढावी लागतील, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या क्लबची जर्सी उतरवून सातव्या क्रमांकाची घालताना मनाला थोडे लागेलही. पण त्या संघात लेफ्ट बॅकला दर सामन्यात वीस-पंचवीस वेळा बचाव करावा लागेल. तीन तास बत्तीस मिनिटांच्या जागी बारा-तेरा तास तुमच्या वहीत येतील आणि ‘मी चांगली आहे का’ हा प्रश्न पहिल्यांदा खरोखर विचारला जाईल. त्या कोचकडून एकच शब्द घ्या: की तुम्हाला लेफ्ट बॅकलाच खेळवतील. गरजू संघात उंच मुलगी दिसली की तिला मध्यभागी उभे करण्याचा मोह प्रत्येक कोचला होतो.

जाण्यापूर्वी सध्याच्या कोचनाही एकदा भेटा. तक्रार घेऊन जाऊ नका, आणि ‘मला का खेळवले नाही’ असेही विचारू नका, कारण त्या प्रश्नाला उत्तर म्हणून फक्त सबबी मिळतात. ‘तुमच्या लेफ्ट बॅकजवळ आहे आणि माझ्याजवळ नाही अशी एक गोष्ट सांगा,’ असे विचारा. उत्तर ‘डावा पाय’ असेल, ‘दम’ असेल किंवा ‘ती रोज येते’ असेल. यांतले काय ऐकायला मिळते, त्यावर पुढचे वर्षभर काय करायचे ते ठरेल, आणि उत्तर मिळालेच नाही, तर तेही एक उत्तर समजावे.

नोकरी सांभाळून खेळणे म्हणजे अर्धवट खेळणे, असा एक न्यूनगंड तुमच्या पत्रात डोकावतो. अदिती चौहान २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघाची गोलकीपर झाली, तेव्हा ती लॉफबरो विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकत होती. २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सशी करार करणारी बाला देवी त्याआधी मणिपूर पोलीस दलात नोकरीला होती आणि त्यांच्याच संघाकडून खेळत होती. आपल्याकडच्या महिला फुटबॉलला अनेक वर्षे पोलीस, रेल्वे अशा खात्यांतल्या नोकऱ्यांनीच जगवले आहे. त्यावरून एक सूचना: महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण तिथे क्लबच्या लीगमधील सहभागाला आणि राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धेत मिळवलेल्या यशाला सारखे वजन नसते. महिलांच्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेला राजमाता जिजाबाई करंडक म्हणतात. त्या संघाची निवड चाचणी केव्हा होते याकडे लक्ष ठेवा. चाचणीला जाणारी मुलगी सातव्या क्लबची असली तरी हरकत नसते, मात्र ती हंगामभर खेळलेली असावी लागते.

राहिले वडील. त्यांच्यावर रागावू नका, कारण त्यांचा प्रश्न खोटा नाही. ज्या माणसाने पीटीएम आणि दिलबहार या कोल्हापूरच्या तालमींच्या संघांचा सामना भरलेल्या स्टेडियमवर पाहिला आहे, पेठेच्या विजयाची मिरवणूक ज्याच्या दारावरून गेली आहे, त्याला पन्नास-साठ प्रेक्षकांसमोर खेळलेला लीग सामना हा फुटबॉल वाटतच नाही. तुम्ही त्यांना इंडियन विमेन्स लीगची, राज्य संघाची, कधीतरी मिळणाऱ्या नोकरीची आश्वासने देऊन शांत करायला जाल, तर ती तुमच्याच अंगावर येतील. वर्षभराने ते एकेका आश्वासनाचा हिशेब मागतील आणि तुमचा खेळ पुन्हा त्या हिशेबाचा ओलीस होईल. त्यापेक्षा खरे ते सांगा: नोकरी सोडत नाही, गुडघा दाखवून घेतला आहे, एक हंगाम नियमित खेळून पाहणार आहे आणि त्यानंतर वही तुमच्यासमोर ठेवीन. स्थळांच्या बाबतीतही हेच. बायोडेटात ‘छंद’ या रकान्यात वाचन आणि संगीत यांच्या शेजारी फुटबॉल लिहू नका. शिक्षण आणि नोकरी यांच्या खाली स्वतंत्र ओळीत लिहा, की राज्य महिला लीगमध्ये खेळते. ज्यांना ती ओळ खटकेल ते फोनच करणार नाहीत आणि तुमच्या आईचा चहा-पोह्यांचा त्रास वाचेल.

वहीच्या पानावर एक गोष्ट नाही, आणि ती पत्रातही नाही. नऊ सामन्यांपैकी एकाही सामन्याला वडील आले होते असे तुम्ही कुठे लिहिलेले नाही, आणि त्यांना बोलावले होते असेही नाही. बेंचवर बसलेली मुलगी वडिलांना बोलावत नाही, हे मी समजू शकते. पुढच्या हंगामाचे फिक्स्चर हाती आले, की पहिल्या तीन सामन्यांतला एक रविवारचा सामना निवडा आणि शनिवारच्या रात्रीचे महालक्ष्मी एक्स्प्रेसचे तिकीट काढून त्यांना पाठवा. गाडी सकाळी सीएसएमटीला येते आणि सामना कूपरेजला असेल, तर मैदान तिथून चालत जाण्यासारखे आहे. त्यांना डाव्या बाजूच्या रेषेजवळ बसवा. पेठेतला माणूस आहे. दहाव्या मिनिटाला तुम्ही जागा सोडून पुढे गेलात, की ते ओरडणारच.